दम लागलाच नाही

लोणावळ्याला समुद्र नाही, हे मला कुणी सांगायला नको. तरीही आयुष्यातली चांगली आठ-दहा वर्षं मी तिथं पाणबुड्याची नोकरी केली. ओळख करून देताना हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्याकडे नीट बघतो आणि विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचात?" पुण्यातल्या एका लग्नात एका गृहस्थांनी तर मला पाणबुडीवरचा खलाशी समजून युद्धाच्या हकिकती विचारायला सुरुवात केली. माझं सगळं युद्ध गाळाशी आणि गंजलेल्या लोखंडाशी झालं, असं सांगितल्यावर ते बिचारे जिलबीकडे वळले.

घाटमाथ्यावर आमच्याकडे धरणं आहेत. त्यांचं पाणी मोठाल्या नळांतून घाटाखाली सोडतात आणि त्यावर वीज तयार होते. धरणाच्या पोटाशी पाणी सोडायचे लोखंडी दरवाजे असतात आणि त्यांच्यापुढे कचरा अडवायच्या जाळ्या असतात. पावसाळ्यात डोंगरावरून आख्खी झाडं वाहून येतात आणि जाळीत जाऊन बसतात. कधी दरवाजाच्या खाचेत दगड अडकतो. एवढ्यासाठी धरण रिकामं करणं परवडत नाही, म्हणून माणूस खाली पाठवायचा. तो माणूस मी.

मूळचा मी मळवलीजवळचा. घरची भातशेती, शिक्षण सातवी. पोहायला इंद्रायणीच्या डोहात शिकलो होतो, पण पोहणं वेगळं आणि पाण्याखाली काम करणं वेगळं, हे मला धरणावर हंगामी मजूर म्हणून लागल्यावर कळलं. पन्नास सालानंतरची तीन-चार वर्षं गेली असतील. एक दरवाजा अर्धवट अडकला आणि मुंबईच्या गोदीतून हसनभाई नावाचे पाणबुडे आले. माणूस रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, अंगानं किरकोळ. त्यांच्याबरोबर लाकडी पेट्यांमधून एक पोशाख आला. जाड रबरी कापडाचा झगा, तांब्याचा मोठा टोप, त्याला तीन काचेच्या खिडक्या, छातीवर शिशाचं ओझं आणि शिशाच्या तळाचे बूट. टोपाला हवेची नळी जोडायची आणि तराफ्यावरच्या पंपाचे दांडे माणसांनी फिरवत राहायचे. पंप थांबला की खालच्या माणसाची हवा थांबली. त्या दांड्यावर मी होतो.

तासाभरानं हसनभाई वर आले. टोप काढला, घामानं निथळत होते. इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, "काम झालं का?" ते "हो" म्हणाले. साहेब गेल्यावर मी हळूच विचारलं, "भाई, खाली काय दिसलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "गोदीत एवढी वर्षं काढली. काम झालं का, हेच सगळे विचारतात. काय दिसलं, हे विचारणारा तू पहिला."

"मग काय दिसलं?"

"काय नाय दिसलं. आपला हात आपल्याला दिसत नाय. बोटांनी बघायचं." मग म्हणाले, "उतरणार?"

अशी माझी नोकरी ठरली. बाकीचे दरवाजेही तपासायचे निघाले, त्यामुळे हसनभाई दोन महिने राहिले आणि तेवढ्यात त्यांनी मला तयार केलं.

पहिला धडा कानांचा. माणूस दोन पुरुष, म्हणजे दहा-बारा फूट, खोल गेला की पाणी कानाच्या पडद्यावर रेटा देतं. आतून तेवढाच रेटा दिला नाही तर आधी दुखतं आणि मग पडदा फाटतो. साधं पोहताना नाक चिमटीत धरून आतल्या आत फुंकर मारायची. टोपात हात जात नाही, तर टोपाच्या कडेला नाक दाबायचं, आवंढा गिळायचा, जांभई द्यायची. कान मोकळा झाल्याचा बारीक 'टक्' असा आवाज येतो. तो आला नाही तर एक हातही खाली जायचं नाही. सर्दी झालेल्या माणसानं त्या दिवशी काठावरच बसायचं. माझ्या पहिल्या उतरणीत कान उघडले नाहीत आणि मी लाजेपोटी तसाच खाली रेटत राहिलो. हसनभाईंनी दोरावरून ते ओळखलं आणि मला वर ओढून घेतलं. रागावले नाहीत. "पाण्याला लाज कळत नाय," एवढंच म्हणाले.

दुसरा धडा दोराचा. पाणबुड्याच्या कमरेला दोर असतो आणि त्याचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. एक झटका म्हणजे 'ठीक आहेस ना', त्याला खालून एक झटका उत्तर. दोन म्हणजे 'दोर सैल सोड'. चार म्हणजे 'काही विचारू नका, वर घ्या'. माझा दोर धरायला धोंडिबा होता. वरच्या वाडीतला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, बोलायला अगदी कमी. मी त्याला भाऊ म्हणायचो. दोर हातात असला की तो विडीसुद्धा ओढत नसे. मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढा वेळ नुसतं बसून कंटाळा येत न्हाई?" तर म्हणाला, "बसून कुटं? मी बी खालीच असतो की तुज्यासंगं."

तिसरा धडा ओढीचा, आणि धरणात तोच सगळ्यात मोठा. दरवाजा जरा जरी उघडा राहिला असेल तरी त्या फटीतून पाणी असं ओढलं जातं, की हात गेला तर हात परत येत नाही. वर पाणी आरशासारखं शांत असतं, खाली कसलाही आवाज नसतो. म्हणून लांब बांबूच्या टोकाला गोणपाटाची चिंधी बांधायची आणि माणसाच्या आधी ती पुढे करायची. चिंधी नुसती डुलली तर पुढे जायचं. ताणून सरळ झाली तर तिथंच थांबायचं. हे शिकवताना हसनभाईंनी डावा हात दाखवला. त्याला दोन बोटं नव्हती.

असं मी काम करत राहिलो. जाळीतून काय काय काढलं त्याची यादी मोठी आहे. झाडं, बैलगाडीचं चाक, एकदा आख्खी खाट. पण कुणी विचारलं की तुझ्या नोकरीतली सगळ्यात आठवणीतली गोष्ट कोणती, तर मी लेलेबाईंचं नाव सांगतो.

साठ सालानंतरचा काळ. हिवाळा संपत आला होता. वरिष्ठांचं पत्र घेऊन पुण्याच्या कॉलेजातल्या एक प्राणिशास्त्राच्या बाई धरणावर आल्या. पस्तिशीच्या, नऊवारी नाही, पाचवारीही नाही, विजार आणि सदरा घातलेल्या. आमच्या चौकीवर तो दिवसभराचा विषय झाला. त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढली. काच बसवलेला रबराचा मुखवटा आणि वाकडी नळी. मुखवटा डोळ्या-नाकावर बसवायचा, नळीचं एक टोक दातात धरायचं, दुसरं पाण्याबाहेर ठेवायचं आणि पालथं तरंगत खालचं बघायचं. बाई गुजरातच्या किनाऱ्यावर प्रवाळ बघायला गेल्या होत्या, तिथं हे शिकल्या होत्या.

मी म्हणालो, "बाई, इथं प्रवाळ नाही. इथं गाळ आहे."

"मला स्पंज हवा आहे," त्या म्हणाल्या. "गोड्या पाण्यातला. तुमच्या भिंतीच्या दगडांवर असणार. हिरवट, खरखरीत, कवचासारखा चिकटलेला. पाहिलाय कधी?"

पाहिला नव्हता, पण हाताला लागला होता. अशी खरखरीत वस्तू मी कित्येकदा खरवडून फेकून दिली होती आणि तिला शेवाळ समजत होतो. तसं सांगितल्यावर बाईंचे डोळे असे चमकले की मला उगाचच मोठं काम केल्यासारखं वाटलं.

धरणाच्या दरवाजांपासून लांब, जिथं ओढ नाही अशा एका कोपऱ्यात मी आणि धोंडिबानं त्यांना होडीतून नेलं. त्या दिवसांत पाणी स्वच्छ असतं, दोन-तीन पुरुष खालपर्यंतचं चांगलं दिसतं. मी त्यांच्या कमरेला दोर बांधायला लागलो. वाटलं, शिकलेल्या बाई, नको म्हणतील. पण त्यांनीच गाठ नीट तपासली आणि झटक्यांच्या खुणा विचारून घेतल्या. म्हणाल्या, "तिकडे समुद्रावर आम्ही दोघं-दोघं जोडीनंच उतरायचो. एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं त्याच्यावर लक्ष ठेवायचं. मग अदलाबदल. बघणारा माणूस स्वतःला विसरतो, मारुतराव. त्यात त्याचा दोष नसतो."

मग त्यांनी दुसरा मुखवटा मला दिला.

इतकी वर्षं त्या पाण्यात उतरत होतो, पण ते पाहिलं त्या दिवशी. दगडांवर हिरवे गालिचे पसरल्यासारखे स्पंज होते. मधूनच करंगळीएवढे उंचवटे. बोटभर लांबीचे मासे माझ्या नाकासमोर येऊन काचेत डोकावून जात होते. पाण्यात उन्हाच्या तिरप्या काठ्या उतरल्या होत्या. मी किती वेळ तसा पडून होतो कोण जाणे. शेवटी धोंडिबानं एक झटका दिला. मी उत्तर द्यायचं विसरलो, तेव्हा त्यानं मला सरळ ओढूनच घेतलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुला झालं काय ते सांग," तो म्हणाला.

काठावर आल्यावर बाईंनी स्पंजाचा एक तुकडा बशीत पाण्यात ठेवला आणि ड्रॉपरनं शाईचा एक थेंब त्याच्या कडेला सोडला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. शाई हळूहळू स्पंजाच्या अंगात शिरली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं वरच्या एका बारीक भोकातून निळ्या धुराची रेघ यावी तशी ती बाहेर आली.

"हा प्राणी आहे," बाई म्हणाल्या. "पाणी आत घेतो, त्यातलं खाणं ठेवून घेतो आणि पाणी परत सोडतो."

धोंडिबा म्हणाला, "मंग ह्येचं त्वांड कुटं हाय?"

"सगळं अंग म्हणजे तोंडच."

"आन डोळं?"

"नाहीत."

धोंडिबानं बशी जरा उन्हाकडे फिरवली. मग म्हणाला, "न्हाईत ते बरं हाय. हितं बघन्यासारकं लय हाय, त्येचं जेवायचं ऱ्हाऊन गेलं आसतं."

बाई दर पंधरवड्याला येऊ लागल्या. मार्चमध्ये एकदा त्यांच्याबरोबर त्यांचे मावसभाऊ आले. श्रीकांत त्यांचं नाव. तिशीचे, उंचेपुरे, मुंबईच्या तलावात पोहण्याच्या शर्यती जिंकलेले. स्वभावानं मोकळे, कुणालाही लगेच आवडावेत असे. धोंडिबाला त्यांनी येताक्षणी मिठी मारून "काय आबा" म्हटलं आणि धोंडिबा दिवसभर त्यावर खूश होता.

होडीत मी दोर काढला तेव्हा ते हसले. "मला कशाला? मी एका दमात तलावाच्या दोन फेऱ्या मारतो."

मी म्हणालो, "साहेब, इथं सगळेच बांधतात."

"पायात अडकेल हो. बाईंना बांधा."

इथं मी गप्प बसलो. या गप्प बसण्याचा हिशेब मी पुढे अनेकदा स्वतःकडे मागितला आहे. नियम मला माहीत होता आणि तो मी बोललोही होतो. पण ज्या आवाजात बोललो तो आवाज समोरच्यानं नाही म्हणावं असाच होता. समोर साहेब, शिकलेले, पदकं मिळवलेले. मी सातवी पास. हसनभाईंचा लाजेबद्दलचा धडा मी कानांपुरता शिकलो होतो, तोंडापुरता शिकलो नव्हतो.

तिथं तळ पंधरा-सोळा फुटांवर होता. श्रीकांत पाण्यात उतरले, होडीची कड धरली आणि भराभर दहा-बारा मोठे श्वास घेतले, भात्यासारखे. मग बुडी मारली. बराच वेळ खाली राहून एक दगड घेऊन वर आले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. परत तसेच श्वास, परत बुडी, आणि या वेळी आणखी जास्त वेळ. तिसऱ्या खेपेला मला राहवलं नाही. "साहेब, मधे जरा विसावा घ्या," म्हणालो. "दम लागतच नाहीये," ते म्हणाले. "इथलं हवामान फार छान आहे."

दम लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मलाही वाटलं.

चौथ्या खेपेला बाई होडीत बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होत्या. मी पाण्यात पालथा तरंगत होतो, कमरेला माझा नेहमीचा दोर, त्याचं टोक धोंडिबाच्या हातात. श्रीकांत बुडी मारून गेले. मी त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच माझं काम. पण माझ्या खाली एका दगडावर स्पंजाशेजारी एक खेकडा पिल्लं पोटाशी धरून बसला होता, आणि मी तो बघत राहिलो.

किती वेळ ते सांगता येणार नाही. भान आलं तेव्हा मान वळवली. श्रीकांत वर येत होते. व्यवस्थित, पाय मारत. पृष्ठभागापासून हातभर अंतरावर त्यांचे पाय थांबले. काही आठवल्यासारखा तो माणूस तिथं क्षणभर स्थिर झाला. धडपड नाही, हातवारे नाहीत. मग तोंडातून थोडे बुडबुडे आले आणि ते आल्या वाटेनं सावकाश खाली जाऊ लागले. इतकं शांतपणे, की मला आधी तो खेळच वाटला.

मग मी बुडी मारली. कान मोकळे करायला वेळ नव्हता. तळाजवळ पोचता पोचता डाव्या कानात तापलेली सुई खुपसल्यासारखं झालं आणि लगेच आत गार पाणी शिरलं. डोकं गरगरायला लागलं, वर कुठं आणि खाली कुठं ते कळेना. हाताला त्यांचा दंड लागला तो घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं दोराला चार झटके दिले. पुढचं काम धोंडिबाचं. त्यानं आम्हा दोघांना विहिरीतून बादली काढावी तसं ओढून घेतलं.

श्रीकांत निळे पडले होते. श्वास नव्हता. हसनभाईंनी मला बुडालेल्या माणसाला पालथं घालून पाठ दाबायला शिकवलं होतं. मी त्यांना होडीत पालथं करू लागलो, तेवढ्यात बाईंनी माझा हात बाजूला केला. "उताणा ठेवा. मान मागे करा." त्यांनी भावाचं नाक चिमटीत धरलं, तोंडावर तोंड टेकलं आणि हवा फुंकली. छाती वर आली. परत फुंकली. धोंडिबानं आधी संकोचानं मान फिरवली होती. छाती हलताना पाहिल्यावर तो वळला आणि श्रीकांतांचे पाय चोळू लागला. मला आठवतं ते एवढंच, की डोंगर गोल फिरत होते आणि बाई मधेमधे मोजत होत्या, अगदी वर्गात हजेरी घ्यावी अशा आवाजात.

शेवटी श्रीकांत खोकले, पाणी ओकले आणि त्यांनी डोळे उघडले. बाईंचं मोजणं थांबलं.

"काय झालं?" श्रीकांत म्हणाले. "मी वर येत होतो की."

"बुडत होतास," बाई म्हणाल्या.

"कसं शक्य आहे? मला दम लागलाच नाही. उलट बरं वाटत होतं."

त्यांना मोटारीनं पुण्याच्या इस्पितळात नेलं. दोन दिवस ठेवून घरी सोडलं. माझ्या कानाचा पडदा फाटला होता. तो भरून आला, पण त्या कानाला निम्मंच ऐकू येतं आणि डॉक्टरांनी मला खोल उतरायला कायमची बंदी केली. त्यानंतर मी दोर धरणारा झालो आणि उतरायला दुसरे लोक आले.

पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दम लागलाच नाही. मग माणूस बुडाला कसा? पट्टीचा पोहणारा, पाण्याला ओढ नाही, पायात गोळा नाही. बाईंनाही तेच छळत होतं. त्यांनी कुणा कुणा डॉक्टरांना पत्रं लिहिली आणि मे महिन्यात मला उत्तर कळवलं. ते इथं साध्या भाषेत देतो, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आपण श्वास कोंडतो तेव्हा जी घुसमट होते ती चांगली हवा संपली म्हणून होत नाही. शरीरात वापरलेली, वाईट हवा साठते, ती घुसमट करते. ती आपली धोक्याची घंटा. बुडीआधी भराभर मोठे श्वास घेतले तर ही वाईट हवा नको इतकी बाहेर जाते. चांगली हवा काही फारशी वाढत नाही, फक्त घंटा वाजायला उशीर होतो. मग माणूस मजेत खाली राहतो, आतली चांगली हवा संपत जाते आणि वर येताना, सुटलो असं वाटत असतानाच, शुद्ध हरपते. आधी काहीही कळत नाही. पोहणारा जितका तरबेज तितका धोका जास्त, कारण नवशिका घाबरून आधीच वर येतो.

म्हणजे श्रीकांत भराभर श्वास घेत होते ते बघूनच मला कळायला हवं होतं. पण टोपवाल्या पाणबुड्याला श्वास कोंडावा लागत नाही, त्यामुळे हसनभाईंच्या धड्यांत हा धडा नव्हता. माझ्या धंद्याला लागून असलेली एक गोष्ट मला माहीत नव्हती आणि ती मला माहीत नाही, हेही माहीत नव्हतं.

चौकशी झाली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "दोर का नव्हता?" मी म्हणालो, "त्यांनी नको म्हटलं आणि मी ऐकलं." साहेब म्हणाले, "दोष कुणाचा?" मी म्हणालो, "दोर माझ्याकडे होता." त्यांनी मला नोकरीवर ठेवलं, कारण श्रीकांतांचं पत्र आलं होतं की मारुतरावांनी बजावलं होतं, चूक माझी. पण बाहेरच्या माणसांना धरणात उतरायला पूर्ण बंदी झाली. त्यात लेलेबाईंचं स्पंजाचं काम अर्धवट राहिलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांनी एका शब्दानंही मला बोल लावला नाही. त्या परत गुजरातच्या किनाऱ्यावर प्रवाळाकडे वळल्या.

तिकडून त्यांची पत्रं येत. भरती-ओहोटीच्या वेळा तिथल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही, ओहोटीचं पाणी माणसाला नकळत खोलात नेतं. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्याचंही अंग खरचटतं आणि आपलंही, आणि त्या जखमा लवकर भरत नाहीत. पायात जाड बूट, कारण दगड दिसतो तो दगडच असेल असं नाही, विषारी काट्यांचा मासाही असतो. हे सगळं वाचून धोंडिबाला सांगावं लागे. तो दर वेळी विचारी, "आन त्यो जिता दगूड चावतो का?" एका पत्रात बाईंनी लिहिलं होतं, "समुद्र जास्त धोक्याचा असेल, पण तिथं माणूस दबकून असतो. तळ्याला कुणी दबकत नाही." त्या मला तिकडे बोलवत होत्या. रजेचा अर्जही मी एकदा लिहिला होता. पण कानाचं निमित्त, घरची लावणी, असं करत राहून गेलं. समुद्रातलं प्रवाळ मी अजून पाहिलेलं नाही.

सत्तर सालानंतर पाच-सहा वर्षांनी, एका रविवारी सकाळी मी धरणाच्या चौकीवर होतो. एक मोटार थांबली. उतरलेल्या गृहस्थांना मी पटकन ओळखलं नाही. केस पिकले होते, अंग सुटलं होतं. त्यांनी हसून हात पुढे केला तेव्हा ओळख पटली. श्रीकांत. बरोबर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी होती, वडिलांसारखीच उंच.

चहा झाला. धोंडिबा दोन वर्षांपूर्वी गेल्याचं मी सांगितलं. मग ते स्वतःविषयी बोलू लागले. त्या दिवसानंतर ते पाण्यात उतरलेच नव्हते. भीतीनं नव्हे, म्हणाले. "भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला अजूनही त्यात उतरावंसंच वाटतं. आणि काही वाईट आठवतच नाही, त्यामुळे स्वतःवर विश्वास राहिला नाही."

मुलगी आमच्या बोलण्याकडे लक्ष न देता कठड्यावरून वाकून खाली बघत होती. श्रीकांतांनी आवाज खाली आणला.

"हिनं शाळेत सगळ्या शर्यती जिंकल्यात. आता आत्याबरोबर समुद्रावर जायचं म्हणते, प्रवाळ बघायला. मी नाही म्हणू शकत नाही आणि हो म्हणायचा धीर होत नाही. म्हणून तुमच्याकडे आणलीये."

"मी काय शिकवणार साहेब? पोहणं तिला माझ्यापेक्षा चांगलं येत असेल."

"पोहायला नको," ते म्हणाले. "तिला थांबायला शिकवा. आणि ती नको म्हणाली तर तुम्ही ऐकू नका."

मी मुलीकडे गेलो. तिनं वळून न बघता विचारलं, "काका, इथं खाली काय आहे?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण मी म्हटलं, "सांगणार नाही. मोठ्या साहेबांची परवानगी काढतो. पुढच्या रविवारी सकाळी ये, पोटभर जेवून येऊ नकोस, सर्दी असेल तर येऊच नकोस. आधी एक तास काठावर बसायचं आणि मी सांगेन ते ऐकायचं. मग दाखवतो."

"एक तास?" ती म्हणाली.

"दोन तास," मी म्हणालो.

तिनं वडिलांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. मग ती कठड्यापासून मागे सरली आणि म्हणाली, "बरं. दोन."